दोन पेट्यांची साखर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. जर्मनीत रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी होती आणि आम्ही हेर लांग यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. सत्तरी ओलांडलेले, एकटे. मागच्या बागेत त्यांच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. चाळीस वर्षं ते माश्या पाळत होते.

ऑगस्टअखेर त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर काही आठवडे रेहामध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, राहून पुन्हा चालायला शिकायचं. मध काढून झाला होता. आता माश्यांना हिवाळ्यापुरतं खाणं द्यायचं होतं – साखरेचा पाक, दर चार दिवसांनी, पेटीतल्या वरच्या भांड्यात. त्यांनी मला दोनदा करून दाखवलं. साखरेच्या पिशव्या आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, आणून ठेवल्या.

"थंडी पडली की त्या पाक उचलत नाहीत," ते म्हणाले. "सप्टेंबरातच संपव."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो.

पहिल्यांदा दिला. दुसऱ्या वेळी डोळ्याखाली माशी चावली. तोंड असं सुजलं की ऑफिसात लोक हसले. बस, एवढंच झालं. मग मी उद्या-उद्या करत राहिलो. भीती वाटत होती – पण स्वतःशीसुद्धा तसं म्हटलं नाही, कामाचा ताण आहे म्हटलं. ताण होता. पण दहा मिनिटं नव्हती का?

ते रेहामधून फोन करायचे. "पाक घेताहेत ना?"

"हो. भांडी रिकामी होताहेत."

काठी टेकत ते घरी आले, तेव्हा ऑक्टोबर अर्धा सरला होता. पेटी मागून जराशी उचलून वजन बघतात. त्यांना वाकायची मनाई होती, म्हणून मी उचलली. हलकी होती. रिकाम्या खोक्यासारखी.

"जड आहे?"

"जड आहे," मी म्हणालो.

तेव्हा खरं बोललो असतो, तर त्यांनी काहीतरी केलं असतं का? ठाऊक नाही. मी विचारलंच नाही.

दिवाळीला बायकोने त्याच साखरेचे शंकरपाळे केले. पाक देऊन उरलीय, असं मी तिला सांगितलं होतं. डबा घेऊन खाली मीच गेलो. हेर लांगनी दोन खाल्ले, आणखी एक मागून घेतला.

मार्चमध्ये त्यांनी पेट्या उघडल्या. मी शेजारी उभा होतो. मेणाच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून माश्या मेल्या होत्या – ओळीच्या ओळी. त्यांनी पोळ्याची एक चौकट बाहेर काढून उजेडात धरली.

"उपाशी मेल्या," ते म्हणाले. "मीच तुला माप चुकीचं सांगितलं असणार. आल्झो... म्हणजे, वय झालं."

मी फक्त मान हलवली – हो म्हणून की नाही म्हणून, कुणास ठाऊक.

त्यांनी पुन्हा माश्या ठेवल्या नाहीत. ज्याला माप आठवत नाही त्याने त्या ठेवू नयेत, असं ते शेजारणीला सांगत होते. मी जिन्यात उभा राहून ऐकलं आणि वर गेलो.

दोन वर्षांनी आम्ही ब्योब्लिंगेनला राहायला निघालो, तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि आपल्या शेवटच्या मधाची बाटली माझ्या हातात दिली. मी घेतली. डांके म्हणालो. पुढच्याच वर्षी ते गेले.

चूक तुमची नव्हती – एवढं एकच वाक्य होतं. तेवढं जर्मन मला येत होतं.