उ आणि ड

माझी पीएचडी एका अक्षरावर अडकली होती, हे आता हसून सांगता येतं. तेव्हा ब्रह्मांड आठवलं होतं.

मी बनवत होते अनड्युलेटर. चुंबकांच्या दोन पट्ट्या, एक वर, एक खाली. मधल्या फटीतून जाणारे इलेक्ट्रॉन नागमोडी धावतात आणि प्रकाश टाकतात. असली यंत्रं एरवी खोलीभर लांब असतात, माझं पोळपाटावर मावेल एवढं. इलेक्ट्रॉन पळवणाऱ्या मोठ्या यंत्रावर दोन वर्षं थांबून एक आठवडा मिळाला होता. तो हुकला की माझी मुदतच संपली.

पट्ट्या जुळवल्या धायरीच्या एका फिटरकाकांनी. आडव्या बसणाऱ्या प्रत्येक चुंबकाच्या डाव्या कडेशी मी कागदावरच्या आकृतीत एक अक्षर लिहून दिलं होतं. उत्तर टोक उजवीकडे हवं तर उ, डावीकडे हवं तर ड. झालं, एवढंच.

काका पट्ट्या घेऊन कर्वेनगरला आमच्या लॅबमध्ये आले. मी फटीत मोजणी केली तर मीटरवर जवळजवळ शून्य. आणि वरच्या पट्टीच्या पाठीवर पाना ठेवायला गेले, तर तो खाडकन चिकटला. आत फटीत हवा तो सगळा जोर बाहेर.

"अहो काका, उलटं बसवलंत सगळं," मी चिडलेच. गोंदाने पट्टीत बसवलेले चुंबक आता सुटणार नव्हते.

काकांनी माझाच कागद पुढे सरकवला. "उ म्हंजी उत्तर, द म्हंजी दक्षिण. जिथं अक्षर तिथं ते टोक. काय चुकलं?"

काहीच नाही. माझा घाईतला ड अगदी द दिसत होता.

काका पान्याकडे बघत राहिले. "जोर भायेर गेलाय न्हवं? मग वरची पट्टी खाली घ्या, खालची वर. भायेरचं आत येतंय की."

मी कागदावर दोनदा करून पाहिलं. बरोबर होतं. सगळे आडवे चुंबक सारखेच उलटले होते, म्हणूनच जमत होतं. आठ बोल्ट काढले, पट्ट्यांची अदलाबदल केली, पुन्हा मोजलं. मीटर हवा तिथे चढला आणि माझा जीव भांड्यात पडला. रडूच आलं, खरं सांगते. मग चुंबक बसवताना चेंगरलेल्या काकांच्या दोन बोटांवरचं बँडेज दिसलं, आणि मी माफी मागितली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

प्रबंध छापून आल्यावर पहिली प्रत धायरीला नेली. काकांनी चुंबकांची ती आकृती शोधली, 'डावीकडे' हा पूर्ण लिहिलेला शब्द बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, "हां, आता दिसला ड."