पूजेआधीचं साखरपाणी

“साखर वाढली नाही काकू, फार खाली गेलीय. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात,” देगलूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला खरंच वाटेना. साखर उतरावी म्हणून तर आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो!

माझ्या मिस्टरांना मधुमेह आहे. उन्हाळ्यात दिरांनी हैदराबादहून जिन्सेंगचा अर्क आणला. जिन्सेंग ही कोरियाकडची मुळी, तिच्या अर्काचे थेंब पाण्यात टाकून प्यायचे. गोळ्या चालूच होत्या. घरच्या मशीनवर साखर उतरलेली दिसायची आणि हे आमच्या दुकानात येईल त्याला मुळीचं कौतुक ऐकवायचे. डॉक्टरांच्या कानावर मात्र आम्ही घातलं नाही. झाडपाल्याचं काय सांगायचं, असं वाटलं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय हे अन्नाला शिवत नाहीत. औषध चालतं, कारण ते अन्न नव्हे! म्हणून उठल्या उठल्या गोळी आणि अर्क, मग अंघोळ, पूजा आणि शेवटी न्याहारी. रोज निभावलं. श्रावणी सोमवारी मात्र पूजा लांबली.

हे घामानं निथळले. हात थरथरायला लागला, तळहातावरचं लिंग मी कसंबसं सावरलं. साखरपाणी आणलं तर यांनी ओठ मिटले. “पूजा व्हायची हाय. न्हाई घेणार.”

संसारात पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडले. “देव थांबल, जीव थांबायचा न्हाई!” रडत रडतच पेला तोंडाला लावला. घोट घोट करत त्यांनी गिळलं आणि आम्ही दवाखाना गाठला.

“मुळीला सगळा दोष देत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण तीही साखर उतरवू शकते, गोळीही उतरवते, त्यात पोट रिकामं. कशामुळं किती उतरली, ते मलाही सांगता येणार नाही. अर्क बंद करा. गोळी खाण्यासोबतच घ्या.”

शुद्धीत होते म्हणून पाजता आलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. तुमच्याही घरात असा अर्क, काढा असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

घरी आलो. नेम मोडला हे यांच्या मनाला लागलं असणार, याची मला धास्ती. पुढच्या सोमवारी पूजा आटोपून न्याहारीला बसले, गोळी ताटाशेजारी.

“त्या दिशी तू माझा नेम मोडलास गं.”

“हाव. वेळ आली तर परत मोडीन.”

यांनी गोळी हातात घेतली. डोळे भरले होते त्यांचे.

“मोड,” म्हणाले.