गयाकाकूचा कोयता

सिनेमात चोर-पोलीस समोरासमोर आले की गयाकाकू हटकून चोराच्या बाजूची. पोलिसांना ती तोंडावर शिव्या द्यायची. धारूरजवळच्या आमच्या गावात तिची भिंत आमच्या भिंतीला लागून. आमच्याकडं टीव्ही लागला की पिठाच्या हातानं हजर.

काकू आणि बाबूकाका दरवर्षी ऊसतोडीला जायचे. आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. एका वर्षी ट्रकवर मोळी चढवताना काका पडले आणि त्यांची कंबर गेली. पुढच्या हंगामाला मुकादम काकूला म्हणाला, त्यांना राहू दे घरी, तू अर्धा कोयता म्हणून चल. काकू गप्पच झाली. गप्प बसलेली काकू मला बघवेना.

तिचं मन रमावं म्हणून दोघांना बोलावून मी एक जुना इंग्रजी सिनेमा लावला. बँका लुटत फिरणारं जोडपं, मागं पोलीस. मी मराठीत सांगत होते. तो आत पिस्तूल रोखतो, ती पैसे पिशवीत भरते. काकू खुलली.

"लई सराईत कोयता हाय बाई," म्हणाली. "त्यो तोडतो, ही बांधती."

मग त्या दोघांना गोळ्या लागल्या. भिंतीला टेकलेले काका मधेच म्हणाले, तिनं आता निघून जावं, एक तरी जगेल. ते सिनेमाबद्दल बोलत नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळलं. काकूनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी दोघं एकाच जागी मारली गेली. मी घाईनं बंद करायला उठले, तर तिनं हात धरून मला खाली बसवलं आणि डोळे पुसत सगळं बघितलं.

सकाळी मुकादम दारात. काकू म्हणाली, "इतक्या गोळ्या घातल्या तरी त्यो कोयता तुटला न्हाई. तुमी आमचा कावून तोडायलाव?"

बिचाऱ्याला काही म्हणता काही कळलं नाही.

काकू गावातच राहिली. लोकांच्या रानात कापूस वेचायची, शेळ्या राखायची, आणि संध्याकाळी काकांची कंबर शेकता शेकता त्यांनाच बोल लावायची की तुमच्यापायी माझा कारखाना सुटला. काका नुसते हसायचे. त्या दोघांचं भांडण ऐकत स्वयंपाक करायला मला फार आवडायचं. असे काही हंगाम गेले.

यंदाच्या पावसाळ्यात काका गेले. दिवाळीनंतर मुकादम आला आणि नावांची वही हातात धरून दारातच घुटमळला. काकू गाठोडं काखेत मारूनच बाहेर आली.

"लिव्हा मुकादम," म्हणाली. "आता अर्धाच हाय."