मी झोपल्यावर येणारा उंदीर

आमच्या घरातला उंदीर फार शिस्तीचा होता. मी झोपलो की यायचा आणि मी उठलो की जायचा. त्यामुळे त्याचा आवाज मी स्वतः कधीच ऐकला नाही. ऐकायची ती माझी बायको, नंदिनी.

“अहो, रात्रभर कुरतडत होता! करर्र, करर्र. अगदी पलंगाखाली!”

“मग मला उठवायचं.”

“उठवलं की! तुम्ही उठलात आणि तो थांबला.”

मी व्यवस्थित माणूस आहे. (घरात कोणकोणत्या याद्या आहेत, याचीही यादी माझ्याकडे आहे.) मी मंडईजवळून पिंजरा आणला आणि आमिषाची आठवड्याची आखणी केली. सोमवारी खोबरं, मंगळवारी कांदाभजी, बुधवारी तुपातली पोळी.

“उंदराला भजी आणि आपल्याला दोडका!” नंदिनी म्हणाली.

उंदीर कशालाच शिवेना. मग मी पलंग ओढला, कपाटं रिकामी केली. लेंडी नाही, कुरतडलेला कागद नाही! फक्त माझा जबडा तेवढा ठणकत होता. (तसा तो रोज सकाळीच ठणकायचा, डोकंही जड असायचं. पण घरात उंदीर असताना जबड्याकडे कोण बघतो?)

आता दोष शेजाऱ्यांचाच असणार. मी सोसायटीचा सेक्रेटरी. लगेच खाली फलकावर सूचना लावली : “काही सभासद कचऱ्याचे डबे उघडे ठेवून उंदीर पोसत आहेत. पोसायचेच असल्यास स्वतःच्या घरात पोसावेत.”

संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या साठेकाकूंनी खाली पेनाने उत्तर लिहिलं होतं : “बाकी कोणाच्याही घरी उंदीर नाही. आपला आपण सांभाळावा.”

नंदिनी झुरळाला चपलेने मारते, पालीला झाडूने हाकलते, पण उंदीर म्हटलं की ती डायनिंग टेबलावर चढते. शेवटी तिने बॅग भरली.

“तो पकडला जात नाही तोवर मी या घरात झोपणार नाही!” असं म्हणून ती मांजरी गावाला, माहेरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने फोन केला. “रात्री काही आवाज नव्हता! ये तू.”

“तुम्हाला कधी आला होता?” फोन बंद.

रविवारी मी स्वतःच तिला आणायला गेलो. सासूबाईंनी भरलं वांगं आणि भाकरी केली होती. दोन भाकऱ्या जास्तच झाल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर मी जरा आडवा झालो.

जाग आली तेव्हा नंदिनी खुर्चीवर उभी होती. मेहुणा शिरीष झाडू उगारून पलंगाखाली वाकला होता. आणि सासूबाई माझ्या उशाशी बसून माझ्या गालावर हात ठेवून होत्या.

“दाजी,” शिरीष खालूनच म्हणाला, “उंदीर पिशवीत घालून आणला का काय?”

“गप रे! खाली काय शोधतोस?” सासूबाई म्हणाल्या. “नंदे, उतर खाली. सापडला तुझा उंदीर. जावईबापूंच्या तोंडात आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरबाईंनी आरशाने आत पाहिलं. “दाढा पार सपाट झाल्यात. झोपेत दात खाता तुम्ही. सकाळी जबडा दुखतो? डोकं जड असतं? घोरता? दिवसा डुलक्या येतात?”

माझ्या तोंडात आरसा असल्यामुळे उत्तरं नंदिनीने दिली. “हो. हो. हो. आणि डुलक्या सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा. हे स्वतः बोलत असताना!”

“काहींचा झोपेत श्वास अडतो, त्याच्या जोडीने हेही असतं. झोपेची तपासणी करून घ्या. तोवर रात्री दातांवर बसवायला गार्ड बनवू, म्हणजे उरलेल्या दाढा तरी वाचतील.” आरसा बाहेर काढत डॉक्टरांनी विचारलं, “कधी कधी ताणामुळेही होतं. डोक्याला कसली काळजी आहे का?”

“आहे ना,” मी सवयीने म्हणालो. “घरात उंदीर आहे.”

डॉक्टरांनी नंदिनीकडे पाहिलं. नंदिनीने पंख्याकडे.

बाहेर आल्यावर स्कूटरपाशी मी चाचरत विचारलं, “मग? घरी येतेस ना? म्हणजे, गार्ड मिळायला आठवडा लागेल. तोवर आवाज येणारच.”

“येऊ दे की!” मागे बसत ती म्हणाली. “भीती मला उंदराची वाटते. तुम्हाला कोण घाबरतं?”