चूलबंद आवतण आणि वीस केबिनी

चाळीसगाव स्टेशनसमोर माझं तिकीट-बुकिंगचं छोटं दुकान आहे. रेल्वे, लक्झरी बस, फार तर शिर्डीची गाडी. एवढ्या भांडवलावर आमच्या भाऊबंदीत "प्रवासातलं कळणारा" हा मान माझ्याकडे आला, आणि त्या मानापायी यंदा मी जन्मात न पाहिलेल्या जहाजाच्या केबिनी बुक केल्या. बोटीवर लग्न करायचं कुणाच्या डोक्यात शिरलं असेल, तर पुढचं नीट वाचा. माझे केस गेले ते गेले, तुमचे तरी वाचावेत.

लग्न माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या मुलीचं. नाना गावात कपाशी करतात, थोडी लिंबाची बाग आहे. मानसी एकुलती एक, मुंबईत नोकरीला. तिथंच तिला रावेरचा मुलगा भेटला. मुलाचे वडील केळीचे व्यापारी, सगळे त्यांना आबा म्हणतात. मुलाच्या मनात लग्न जहाजावर व्हावं असं होतं. मुंबईहून निघायचं, समुद्रात दोन रात्री फिरायचं आणि परत मुंबई. आबांनी एका फोनवर वाटणी करून टाकली. खर्च अर्धा-अर्धा, केबिनीही अर्ध्या-अर्ध्या, तुमच्या वीस आणि आमच्या वीस.

नानांचा मला फोन आला. "बापू, वीस खोल्या बुक करी टाक."

"करतो. माणसं कोण कोण?"

"बठ्ठाच."

"सगळेच म्हणजे?"

"आते आवतन ते चूलबंद दिधं ना मी."

मी दुकानातला पंखा मोठा केला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या एकाला बोलावणं नव्हे. लग्नाच्या दिवशी त्या घरात चूलच पेटायची नाही. म्हातारं, पोरगं, आलेला पाहुणा, सगळे लग्नघरी जेवायला. नानांनी तारीख ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी कुंकू-अक्षता घेऊन अख्ख्या गल्लीला दारोदार चूलबंद सांगून टाकलं होतं. लग्न समुद्रात आहे ही गोष्ट मधे आलीच नाही. हाताला सवय, तोंडाला सवय.

"नाना, अख्खी गल्ली बोटीवर कशी मावेल?"

"बोट मोठी शे ना?"

"बोट मोठी आहे, पण आपल्या केबिनी वीसच."

नाना हळूच म्हणाले, "शब्द दिधा ना रे मी, बापू." मला फार वाईट वाटलं. चूलबंद सांगितलं आणि लग्नाच्या दिवशी कुणाच्या घरातून धूर निघाला, तर गाव ते विसरत नाही. अमक्याच्या लग्नात धूर निघाला होता, असं पुढच्या पिढीला सांगतात. सांगणाऱ्यांत आजवर नानाच पुढे असायचे, हे आणखी अवघड.

जास्तीच्या केबिनी शिल्लक नव्हत्या, आणि विसांत जेमतेम जवळचे नातेवाईक मावत होते. तेव्हा आम्ही दोघं शेवंताअक्कांकडे गेलो. अक्का गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या, आवतणाचं पहिलं कुंकू त्यांनाच लावलेलं. नानांनी खाली बघत सगळं सांगितलं. अक्का तूर निवडत होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. फक्त सुनेला हाक मारली, "चहा ठेव वं." आम्ही चहा प्यायलो आणि उठलो. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "बोलन्या असत्यात ते बरं व्हतं."

आता केबिनींचं. जहाजावर तीन तऱ्हा असतात. आतली, जिला खिडकी नसते आणि जी सगळ्यांत स्वस्त. खिडकीवाली, जिची खिडकी उघडत नाही. आणि बाल्कनीवाली, जी आतलीच्या जवळपास दुप्पट. खोली दोघांची, काही ठिकाणी भिंतीतून तिसरा पलंग खाली येतो. नावं आधार कार्डावर आहेत तशीच द्या. आमच्याकडे निम्म्या माणसांची खरी नावं त्यांच्या बायकांनाही माहीत नव्हती. भाऊ, आबा, तात्या, अप्पा या नावांनी बुकिंग होत नाही.

फोन सुरू झाले. एकीला खालचा बर्थ हवा होता. एकाला चार्जिंगच्या पॉइंटजवळची जागा. सगळ्यांत अवघड निघाले दगडूकाका. "उत्तरेले डोकं करीसन मी झोपत नही," त्यांनी बजावलं. मी बुकिंगच्या मॅडमना विचारलं, पलंगाची उशी कुठल्या दिशेला येते? मॅडम म्हणाल्या, "सर, जहाज वळतं." मी हे काकांना कळवलं. काका म्हणाले, "मंग वळाना आगोदर सांगतीन का?"

जावई तीन, माझ्या तिन्ही बहिणींचे नवरे. तिघांना बाल्कनी, आणि तिन्ही बाल्कन्या सारख्या, नाहीतर रुसवा ठरलेला. मी तिन्ही एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी घेतल्या आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. ते जरा लवकर झालं.

निघालो पहाटे, बसने. रस्ता मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट. मालेगावपर्यंत पाठीचा खुळखुळा होतो, पुढं हायवे चांगला आहे. नाशिकच्या अलीकडे थांबून शिदोरी सोडली: कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. बंदरावर दुपारच्या आत पोचायचं असेल तर घाटात चहाला थांबू नका. आम्ही दोनदा थांबलो. ड्रायव्हर आमच्याच गल्लीतला, रमेशभाऊ. तो दर वेळी हॉर्न वाजवून दमला.

बंदरावर सामान मशीनमधून जातं, विमानतळासारखंच. आमच्या बॅगा गेल्या, हळदीचं ताट गेलं, आणि मग पट्टा थांबला. पडद्यावर गोल गोल चकत्यांची चळत दिसत होती. सिक्युरिटीवाला पोत्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ये क्या है?"

"गोवरी," नाना म्हणाले.

"क्या?"

"गाय का शेण. बट्टी के वास्ते."

वरण-बट्टीशिवाय लग्न नानांना ठाऊकच नाही, आणि बट्टी, म्हणजे कणकेचा गोळा, भाजायची ती गोवऱ्यांच्या आरावर. गल्लीला नेता येत नाही, निदान बट्टी तरी नेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दोन पोती गोवऱ्या, एक पोतं बट्टीचं पीठ, भरताची वांगी आणि ती भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा. मला पत्ता नाही. सिक्युरिटीवाल्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने आणखी मोठ्या साहेबाला. तिघांनी मिळून एक गोवरी हातात घेतली, वास घेतला आणि हळूच खाली ठेवली.

मोठा साहेब मराठी होता. "काका, जहाजावर काडेपेटीसुद्धा चालत नाही. बाहेरचं खाणंही नाही."

"मंग लगीनना होम?"

"बॅटरीचे दिवे मिळतील."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात तारीख उलटून गेलेलं तिकीट घेऊन माणूस उभा राहतो, तसा तो चेहरा होता. सगळी पोती रमेशभाऊच्या रिकाम्या बसमध्ये परत चढवली. तो आम्हाला तिसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. तोवर गावाकडच्या फेऱ्या.

जहाज मात्र खरंच बघण्यासारखं आहे. दगडूकाका लिफ्टमधून सातव्या मजल्यावर गेले आणि खाली बोट बघून म्हणाले, "हाई ते आम्हनी सूतगिरणीथिन मोठी शे." जेवण भरपूर, पण तिखट शोधावं लागतं, लसणाची चटणी चोरून नेलेली असेल तर तुम्ही राजे. चक्कर येणाऱ्यांनी गोळी आधी घ्यावी, आल्यावर उपयोग नाही. समुद्रातलं इंटरनेट महाग आहे. आम्ही कुणीच घेतलं नाही, त्यामुळे गावात काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी मोठ्या जावयांचा निरोप आला. त्यांच्या बाल्कनीसमोर एक भगवी लाईफबोट टांगलेली होती, समुद्र दिसतच नव्हता. जावई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी आत गेलो आणि देवाचं नाव घेऊन थाप मारली. "दाजी, ही मागून घेतलीय. उद्या काही झालंच तर पहिली बोट मोठ्या जावयाची." दाजींचा चेहरा खुलला. तासाभरात ते दोन्ही साडूंना बोलावून आपली बोट दाखवत होते. त्यानंतर ते दोघं रुसले. त्यांच्या बाल्कनीसमोर नुसता समुद्र होता.

दगडूकाकांनी मोबाईलवर होकायंत्र लावलं होतं. जहाज वळलं की उशी उचलून पायाकडे, पुन्हा वळलं की डोक्याकडे. काकू सोफ्यावर झोपायला गेल्या.

लग्न दुसऱ्या दिवशी, गोरज मुहूर्तावर, वरच्या डेकवर. गुरुजींनी दोन मंगलाष्टकं म्हटली, कठड्याशी जाऊन आले, तोंड धुतलं, उरलेली म्हटली. अक्षता टाकल्या की वाऱ्याने परत तोंडावर येत होत्या. कॅप्टन पांढऱ्या कडक गणवेशात शुभेच्छा द्यायला आला. नानांनी रीतीप्रमाणे त्याला टॉवेल-टोपी दिली. त्याने आपल्या टोपीवरच गांधी टोपी चढवली आणि तसाच फोटोला उभा राहिला. आबांनी त्याला केळी दिली. ती सिक्युरिटीतून कशी आली ते आबांनाच ठाऊक.

सप्तपदी बॅटरीच्या दिव्यांभोवती झाली. मानसी हसत होती, फार गोड दिसत होती. नाना मात्र दिव्यांकडे नाही, पाठीमागे किनाऱ्याच्या दिशेला बघत होते. किनारा दिसत नव्हता. मी शेजारी गेलो.

"आते अक्कानी चूल पेटाडी व्हई," ते म्हणाले. "आठे होम नही नि तठे धूर. काय लगीन लाई दिधं मी पोरनं."

मी त्यांना रोषणाई केलेला आईसक्रीमचा काउंटर दाखवला. नानांनी एक घेतलं आणि खाल्लं नाही, ते हातातच वितळलं.

तिसऱ्या दिवशी रमेशभाऊ बस घेऊन वेळेवर हजर होता. नानांनी त्याला गल्लीचं काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. पण घाटभर तो आरशात बघून एकटाच हसत होता. मला राग आला.

गावात शिरलो तेव्हा ऊन उतरलेलं होतं. नानांच्या दारापुढे जमीन एवढी मोठी गोल काळी झाली होती की वर मांडव टाकता आला असता. मधे राख. ओट्यावर धुऊन पालथ्या घातलेल्या परातींची रांग. नाना बसमधून उतरले आणि राखेच्या कडेलाच उभे राहिले. शेवंताअक्का समोरच्या घरातून पदर सावरत आल्या.

"रमेशनी गोवऱ्या परत आनात," त्या म्हणाल्या, "पीठ आनं, वांगा आनात. फेकी देतूत का? मंग आठेच बट्ट्या लाया."

रमेशभाऊकडून होमाचंही त्यांना कळलं होतं. पत्रिकेत मुहूर्त छापलेला होताच. त्या वेळेला अख्खी गल्ली नानांच्या दारात जमली, गोवऱ्या पेटवल्या, आणि अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा वाद झाला, समुद्र कुठल्या बाजूला? शाळेचे मास्तर म्हणाले, पश्चिमेला. पश्चिमेला आमची पाण्याची टाकी आहे. सगळ्यांनी टाकीवर अक्षता टाकल्या, मगच पंगत बसली.

नानांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलंच. "अक्का, त्या दिन गल्लीमा धूर निंघना का?"

"निंघना ना," अक्का म्हणाल्या. "एकच. तुना दारमाईन."

नाना ओट्यावर बसले आणि चारचौघांत, जावयांसमोर, रडले. मानसीने चपला काढल्या, नवऱ्याचा हात धरला आणि त्या राखेभोवती सात फेऱ्या मारल्या. गुरुजी नव्हते, मंत्र नव्हते. अक्कांनी कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या बट्ट्या काढल्या. कालच्या होत्या, दगडासारख्या. तुपात बुडवून सगळ्यांनी खाल्ल्या.

जायला हवं का? जा. समुद्र चांगला आहे, जेवण भरपूर आहे, बाल्कनी घेणार असाल तर समोर लाईफबोट आहे का ते आधी विचारा. आणि आवतण द्यायच्या आधी केबिनी मोजा, एवढं माझ्याकडून. मोजल्या नाहीत तरी चालतं, असं नाना म्हणतात. मी परवा गावी गेलो होतो तेव्हा टाकीच्या पायथ्याशी अजून पिवळे तांदूळ पडलेले होते आणि कोंबड्या ते निवांत टिपत होत्या.