कोलशेतची बार्ली वाइन: सातशे रुपयांचा ग्लास आणि मी न बोललेलं वाक्य

दर्शनाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजचे पेपर तपासत होते. "मॅडम, पिंप उघडतेय शनिवारी. दीड वर्ष झालं. तुम्ही आल्याशिवाय पहिला ग्लास भरणार नाही."

दर्शना माझी विद्यार्थिनी. मी डोंबिवलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि ती बाळकुमच्या कोळीवाड्यातून रोज यायची. आता कोलशेतला एका छोट्या ब्रूअरीत बिअर बनवते. नाव बार्ली वाइन असलं, तरी यात द्राक्षाचा संबंध नाही. ही जवाचीच बिअर, फक्त दुप्पट तिप्पट जव घालून दाट केलेली, लाकडी पिंपात मुरवलेली. तिची पहिलीच. मालकाने सांगून ठेवलेलं की ही चालली तर अजून चार पिंपं घेऊ, नाहीतर हा प्रयोग बंद.

नवरा सुधीर दारू पीत नाही, त्यामुळे गाडी त्याच्याकडे. बेत असा: सकाळी कोलशेत, मग खडवलीला त्याच्या मावसभावाकडे नदीकाठी मुक्काम. डोंबिवली पश्चिमेहून मोठागावच्या नव्या पुलावरून माणकोलीला गेलात तर कल्याणचा वळसा वाचतो. पुढे कशेळी, बाळकुम, कोलशेत. शनिवारी अकराला आम्हाला पाऊण तास लागला. परतीला दीड तास धरा.

ब्रूअरी म्हणजे जुन्या कारखान्याची शेड, आत एसी आणि लांब टेबलं. खिमा पाव तीनशे ऐंशी, बोंबील फ्राय साडेचारशे. बार्ली वाइनचा एकशेवीस मिलीचा ग्लास सातशे रुपये. घरी न्यायची तर जाड काचेची, खटक्याच्या झाकणाची एक लिटरची बाटली साडेचार हजार.

"साडेचार?" सुधीर माझ्या कानात म्हणाला. "गेल्या वर्षी गोव्याला आपण एवढ्यात दोन रात्री राहिलेलो."

दर्शनाने ग्लास समोर ठेवला. काकवीचा रंग. वास खजुराचा, ओल्या लाकडाचा, थोडा चिक्कीच्या पाकाचा. पहिला घोट जिभेवर जड बसला आणि छातीत हळूहळू ऊब पसरली. अकरा टक्के अल्कोहोल आहे, घाई करू नका. दुसरा घोटही सुंदर. तिसऱ्यानंतर मात्र जिभेच्या कडेला काहीतरी लागलं. बारीक आंबूस चुरचुर, तिथे नसायला हवी अशी. मी पंचवीस वर्षं हेच शिकवतेय. पिंपात कोणता तरी परका जंतू शिरला होता, आणि तो अजून जिवंत होता.

दर्शना माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी. शेजारच्या टेबलावर मालक.

"खरं सांगा हं मॅडम."

"छान झालीय गं," मी म्हटलं. "खूपच छान."

तिचे डोळे भरून आले. मी स्वतःला समजावलं की लाकडाचा आंबटपणा असेल, नंतर निवांत फोन करून सांगू. आणि वर तिला बरं वाटावं म्हणून एक बाटली विकतही घेतली. त्या दिवशी चारच बाटल्या भरल्या होत्या. एक आमची, दोन तिच्या फ्रिजमध्ये, आणि एक जोगळेकर काकांची. हे निवृत्त गृहस्थ आंबिवलीहून स्कूटरवर आले होते. गाडी चालवायची म्हणून थेंबही न घेता, मुलगा संध्याकाळी येणार म्हणून बाटली पिशवीत घालून आमच्या आधी निघाले.

पुन्हा कशेळीवरून नाशिक हायवे. पडघ्याला जेवायला थांबलो. दोन थाळ्या, दोन ताकं, सहाशे साठ. एप्रिलचं ऊन, गाडी उघड्यावर. बाटली डिकीत, बर्फाच्या डब्यात. बर्फाचं केव्हाच पाणी झालं असणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

हात धुऊन बाहेर पडतो तोच धाडकन आवाज झाला. "टायर फुटला कोणाचा तरी," सुधीर म्हणाला. टायर नव्हता. आमच्या डिकीतून तपकिरी फेस गळत होता. डब्याचं झाकण उडून मागच्या काचेवर आपटलेलं, आणि बोटभर लांबीचा काचेचा तुकडा मागच्या सीटच्या पाठीत रुतलेला.

सुधीर हसायला लागला. मी मात्र पर्समधून फोन काढला. आत साखर खाणारं काहीतरी जिवंत होतं, ते गॅस बनवत होतं, त्यात हे ऊन. अशीच दुसरी बाटली त्या काकांच्या स्कूटरवर, पायाशी होती.

तिसऱ्या प्रयत्नाला दर्शनाने फोन उचलला.

"फ्रिजमधल्या बाटल्या हलवू नकोस. आमची फुटली. काकांचा नंबर दे."

तिच्याकडून नंबर आणि सोसायटीचं नाव मिळालं. काका फोन उचलेनात. पडघ्याहून आम्हीच जवळ होतो, म्हणून निघालो. खडवली आली, मावसभावाच्या घराचा फाटा मागे पडला, टिटवाळा गेलं. मी सतत नंबर फिरवत होते आणि प्रत्येक रिंगला डोळ्यांपुढे ती स्कूटर येत होती. सुधीर एकदाच बोलला, "तुला काही माहीत होतं का?" मी पुन्हा नंबर फिरवला.

आंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं. काका सुखरूप, पंख्याखाली आडवे. फोन चार्जिंगला. बाटली गॅलरीच्या कठड्यावर, उन्हात.

"पाणी सुटलं होतं तिला, म्हटलं वाळू दे," काकू म्हणाल्या.

मी सगळ्यांना आतल्या खोलीत पाठवलं. काकांचं हेल्मेट घातलं, काच खाली ओढली, काकूंकडून गोधडी मागितली. "अगं, तू कशाला, मी करतो," सुधीर म्हणाला. "नाही, हे माझं काम आहे," मी म्हटलं. गोधडी टाकताना बाटली कठड्यावर हलली. मग तिला छातीपासून लांब धरून बादलीत उतरवलं, वरून शेजाऱ्यांच्या फ्रिजमधलासुद्धा बर्फ ओतला. एक तास कोणी जागचं हललं नाही. शेवटी गोधडीखालून खटका जेमतेम उचलला. फुस्स करून फेस निघाला तो थांबेचना. अर्धी बाटली बादलीत गेली, पण काच शाबूत राहिली.

काका बाहेर आले, बादलीकडे पाहिलं. "आता राहिलीय त्यात साडेचार हजारांचं काही?"

"साडेचार हजारांचं नाही काका," मी म्हटलं. "बनवणारीने उत्तम बनवलीय, पण पिंप बिघडलंय. बाटलीत भरायलाच नको होती." हे वाक्य मी चार तास आधी, दुसऱ्या कोणाला तरी सांगायला हवं होतं.

आम्ही खडवलीला गेलोच नाही. कल्याणमार्गे घरी आलो, डिकीतली काच वेचली. आठ वाजता दर्शनाचा फोन. मालकाने काकांचे आणि आमचे पैसे परत करायचं ठरवलं होतं, फ्रिजमधल्या बाटल्या थंड असतानाच रिकाम्या केल्या होत्या. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला तिथेच कळलं होतं ना?"

"हो."

"मला वाईट वाटेल म्हणून नाही बोललात?"

"हो गं."

"सेकंड इयरला तुम्ही मला नापास केलेलं," ती म्हणाली. "तेव्हा मी रागावलेले. आज जास्त रागावलेय." आणि तिने फोन ठेवला.

याला पाच आठवडे झाले. मी दोनदा मेसेज केला, ती बघते, उत्तर देत नाही. काका मात्र परवा जाऊन आले. मालकाने एक नवीन पिंप दिलंय म्हणे, आणि जुन्यातली उरलेली बिअर दर्शना गाळून, गार टाकीत ठेवून, फक्त ग्लासने देते. आंबूसपणा पाटीवर लिहिलाय, दर साडेतीनशेवर आणलाय.

तर, किंमत वसूल होते का? साडेतीनशेला नक्की. सातशेलाही, पिंप निरोगी असेल तर, कारण दीड वर्षाची मेहनत त्या पहिल्या दोन घोटांत खरोखर लागते. तिथेच बसून प्या, गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आणि काही खटकलं तर तिला तोंडावर सांगा. ती ऐकून घेते.