कावळा न शिवलेलं पीठ

माझी पहिली पोर झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची. लालबागच्या चाळीत होतो. मुंबई महाराष्ट्राला पाहिजे म्हणून मोर्चे चाललेले, गोळीबार, कर्फ्यू, गिरणी बंद. घरात पेजेशिवाय काय नाय. मला दूध येईना. पोर रडायची पण आवाज नाय, नुसतं तोंड उघडायची.

दवाखान्यातल्या बाईनं पिठाचा पुडा दिला. शेंगदाण्याचं पीठ, आत औषधाची ताकद घातलेली. "दोन वेळा खा, दूध येईल."

दीर माझ्याच वयाचा, मोर्च्यात जायचा. तो भडकला. "वहिनी, हे सरकारचं पीठ. आम्हाला गोळ्या नि तुम्हाला लापशी?"

आमच्यात नवीन धान्य आलं की पहिला घास कावळ्याला. सासूनं त्या पिठाची लापशी करून पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. भर दुपार, कर्फ्यू, खाली रस्ता ओसाड. कावळे आले, दहा-बारा. ओळीनं बसले. एक ओरडला नाय, एकानं चोच लावली नाय. पानाकडे बघतच नव्हते. आत बघत होते, पोरीकडे.

सासूनं दार लावलं. "कावळो शिवाक नाय. ता खाव नको गो."

पुडा मी लाकडांमागं लपवला, पण खायची हिंमत होईना. चौथ्या दिवशी पोरीनं तोंड उघडायचं पण सोडलं.

कर्फ्यू सुटल्यावर नळावर समोरच्या चाळीतली भेटली. तीपण बाळंतीण, तेच पीठ खायची. तिच्या घरचे बौद्ध धर्माची दीक्षा घ्यायला निघालेले. माझं ऐकून हसली.

"कावळ्याला विचारून जेवतेस होय गं? तो काय डॉक्टर हाय? आम्ही देवाला पण विचारायचं सोडलं. आण तो पुडा."

तिनं त्याच पिठात लसूण-मिरची घालून भाकऱ्या थापल्या. वास औषधाचाच, पण घशाखाली उतरलं. रोज चोरून जायची. तिच्या घरचं खाल्लं हे कळतं तर मला बाहेरच काढली असती.

आठ-दहा दिवसांत दूध आलं. पोर भरली, गाल आले. सासू लांबूनच बघायची. एकदा हळूच म्हणाली, "तुका दूध नाय होता. मग ह्या चेडू कोणाचा दूध पिता गो?"

मी पोरीला पदराखाली घेतली. सासूनं स्वतः मरेपर्यंत पोरीला मांडीवर घेतली नाय. पोर रांगत जवळ गेली की पदर ओढून घ्यायची.

खरं सांगते, दूध कशानं आलं ठाऊक असून कधी कधी पोर झोपली की मीपण वाकून बघत बसायची, बराच वेळ.